कोल्हापुरात राजारामपुरीतलं फिजिओथेरपी क्लिनिक : गुडघ्यांसाठी आम्ही नवरा-बायको दोघं जातोय, त्याचा रिव्ह्यू

पहिल्यांदा सरळ सांगतो, गुडघा दुखतोय म्हणून मशीनचा शेक घेऊन घरी जायचं एवढंच पाहिजे असेल तर हे क्लिनिक तुमच्यासाठी नाही. इथं घाम गाळायला लागतोय. आणि मला विचाराल तर तेच बरोबर आहे, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय, कारण आपल्याकडं बघावं त्या घरात कुणाचा तरी गुडघा धरलेला असतोय आणि माणसं तेल, पट्टा, पावडर ह्यात पैसे घालून घालून शेवटी "वय झालं आता" म्हणून कोपऱ्यात खुर्ची टाकून बसत्यात. ते बघवत नाही.

आमच्या दोघांचं दुखणं एकच, गुडघ्याचा ऑस्टिओआर्थरायटिस, म्हणजे सांध्याची झीज, पण आलंय वेगवेगळ्या वाटेनं. मी तरुणपणी तालमीत होतो, खासबागेच्या मातीत उतरलोय, आणि एका कुस्तीत उजवा गुडघा पिळला गेला, आतली मेनिस्कसची गादी फाटली. त्या वेळी काय, लेप आणि मालिश, सूज उतरली की परत आखाडा. कुस्ती सुटल्यावर कारखान्यावर नोकरी केली, वजन हळूहळू शंभराच्या पुढं गेलं, आणि पन्नाशी ओलांडल्यावर तोच उजवा गुडघा बोलायला लागला. क्लिनिकच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी समजावून सांगितलं की ज्या सांध्याला जुनी दुखापत असते त्याला पुढं जाऊन हा आजार व्हायचा धोका बराच वाढतोय, आणि त्यावर वजनाची भर पडली की झालंच. बायकोला कसलीच दुखापत नाही. तिचं पाळी गेल्यावर सुरू झालं, दोन्ही गुडघे, आधी जिना उतरताना मग खाली बसून उठताना. पन्नाशीनंतर बायकांच्यात हे जास्त दिसतंय म्हणे, आणि आमच्या गल्लीत नुसती नजर टाकली तरी पटतंय.

आता क्लिनिकचं. पहिल्या दिवशी मॅडमनी (एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची मास्टर डिग्री, झालेल्या आहेत, सर्टिफिकेट आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन भिंतीवर लावलंय, ते आधी बघायची मला सवय आहे) एक्स-रे बाजूला ठेवला आणि आधी आम्हाला बोलू दिलं. सकाळी उठल्यावर सांधा किती वेळ आखडतोय? रात्री झोपेत दुखतंय का? सूज येते का, गरम लागतंय का, गुडघा मध्येच अडकतो का? पाय मुडपतोय असं वाटतंय का? मग खुर्चीवर बसवून ३० सेकंदांत हात न टेकता किती वेळा उठता येतंय ते मोजलं, मांडीचा घेर मोजला, चालायला लावलं. एवढं सगळं होईस्तोवर अर्धा-पाऊण तास गेला. ह्याच्या आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही, तिथं आत गेल्या गेल्या कॉटवर झोपवून मशीनच्या वायरी लावल्या आणि पॅकेजचे पैसे भरा म्हणाले, गुडघ्याला हात कुणीच लावला नाही.

सकाळच्या आखडण्याचा प्रश्न का विचारला ते नंतर कळलं. ह्या आजारात सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतोय. तासभर किंवा त्याहून जास्त टिकत असेल, हाताच्या बोटांचे बारके सांधे दोन्हीकडं सुजत असतील, तर तो वेगळा वात असू शकतो, रक्ताच्या तपासण्या आणि रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे वाताचा डॉक्टर, लागतोय. आमच्या समोरच एका बाईंना त्यांनी व्यायाम न देता आधी डॉक्टरांकडं पाठवलं. पेशंट आलाय तर धरून ठेवायचा असला प्रकार नाही, हे मला लई आवडलं.

एक्स-रेचं पण सांगतो. माझा ग्रेड ३ आणि बायकोचा ग्रेड २, झिजेचे ग्रेड शून्य ते चार असतात, चार म्हणजे सगळ्यात जास्त. तरी दुखणं तिचं माझ्यापेक्षा जास्त होतं. ती बिचारी मनातल्या मनात खजील व्हायची, फोटोत एवढं काय नाही तर मला एवढं का दुखतंय, लोकांना वाटायचं नाटक करतीय. मॅडम म्हणाल्या, "काकू, फोटोतली झीज आणि माणसाचं दुखणं हे जुळतंच असं नाही, तुम्ही सांगताय तेवढंच दुखतंय, मला पटलंय." त्या एका वाक्यासाठी मी ह्या क्लिनिकला जन्मभर मानीन. खरं सांगतो, घरी येऊन ती जेवताना दोन-तीनदा तेच बोलली.

आता मुख्य गोष्ट. मला सगळ्यांनी काय सांगितलं होतं, तर "पैलवान, गुडघ्याला आराम द्या, तुम्ही लई बैठका मारल्यात, त्यानंच झिजलंय." मॅडमनी उलटं सांगितलं. कूर्चेला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या त्या गुळगुळीत थराला, स्वतःचा रक्तपुरवठाच नसतोय, तिचं पोषण सांध्यातल्या पाण्यातनं होतंय आणि ते पाणी आतबाहेर व्हायला सांधा हलायला लागतो, त्याच्यावर भार यायला लागतो. दुसरं म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स. गुडघा दुखला की माणूस पाय कमी वापरतोय, कमी वापरला की मांडी वाळते, मांडी वाळली की प्रत्येक पावलाचा दणका सरळ सांध्यावर, शॉकअप गेलेली गाडी खड्ड्यातनं चालवल्यासारखं. माझी उजवी मांडी डाव्यापेक्षा बारीक झाली होती, टेपनं मोजून दाखवली तेव्हा पोटात कालवलं. ज्या मांड्यांवर आमच्या वस्तादांनी एवढी मेहनत घेतली ती मांडी अशी झालेली बघायला कुणाला आवडेल.

मग त्यांनी विचारलं, "काका, तालमीत पहिल्या दिवशी तुम्हाला किती बैठका मारायला लावल्या होत्या?" मी म्हटलं पाच-दहा असतील, नवीन पोराला जास्त देत नाहीत, वाढवत वाढवत नेतात. "मग हे पण तसंच करायचं," म्हणाल्या. बस्स, मला त्याच्यापुढं काय समजवायची गरज राहिली नाही.

सुरुवात अगदी साधी. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबून पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. मग उताणं झोपून एक पाय दुमडून दुसरा सरळ उचलायचा. कुशीवर झोपून पाय बाजूला उचलायचा, हा मला फालतू वाटला होता पण खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की चालताना सगळा तोल गुडघ्यावर येतोय असं त्यांनी आरशासमोर चालवून दाखवलं. नंतर खुर्चीवरनं उठ-बस, आधी खुर्चीवर उशी घालून उंच केलेली, मग उशी काढली. ओट्याला धरून टाचा उचलणं. रबरी बँड. पुढं बारक्या पायरीवर चढ-उतर. आणि सायकल, ती जागेवरची. दर वेळी थोडंसं वाढवायचं, वहीत लिहून देतात, पुढच्या वेळी वही तपासतात, न करता गेलात तर तोंडावर कळतंय त्यांना.

दुखण्याचा नियम मला सगळ्यात कामाचा वाटला म्हणून नीट लिहितोय. शून्य ते दहा असं माप धरायचं. व्यायाम करताना चार-पाचपर्यंत दुखलं तर चालतंय, घाबरून थांबायचं नाही. पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आधीच्या पातळीला परत आलं पाहिजे. नाही आलं, किंवा सूज वाढली, तर बंद नाही करायचं, थोडं कमी करायचं. ह्या नियमानं बायकोची भीती गेली. आधी जरा कळ आली की "काहीतरी तुटलं आत" म्हणून ती दोन-दोन दिवस हलायची नाही. आता ती स्वतःच ठरवते, आज तीनवर आहे, करते.

आणि लगेच फरक पडत नाही, हे लिहून ठेवा. दीड-दोन महिने तरी नेट लावून करायला लागतंय, मग कुठं जिन्यावर कळायला लागतंय. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणून आम्ही टिकलो, नाहीतर पहिल्या दोन आठवड्यांत हात झटकून मोकळे झालो असतो.

मशीनबद्दल थेट विचारलं मी. आयएफटी आणि टेन्स (दोन्ही बारीक करंट देणारी), अल्ट्रासाउंड, सगळं त्यांच्याकडं पण आहे. म्हणाल्या, क्वचित कुणाचं दुखणं फारच असेल तर थोडे दिवस वापरते, पण गुडघ्याच्या ह्या आजारात त्यानं फायदा होतोय असा भक्कम पुरावा नाही, उपचारांचं मार्गदर्शन काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात तर देऊच नका असं लिहिलंय, व्यायाम आणि वजन हेच पहिलं. घरी गरम पाण्याची पिशवी घ्या, तेवढी पुरे. स्वतःच्या दुकानातला माल नको म्हणणारा माणूस मी फार कमी बघितलाय.

आता घराचं. आमचं घर मंगळवार पेठेतलं, जुनं, माडीचा जिना लाकडी आणि उभा, संडास खालीच बसायचा. मॅडमनी मोबाईलवर घराचा व्हिडिओ काढून आणायला सांगितला. तो बघून त्यांनी बायकोचा दिवसच सगळा विचारून काढला, किती वेळा खाली बसता, कशासाठी, किती वेळ. मोजायला बसलो तेव्हा माझं मला कळलं की ही बाई दिवसभर बसतीय आणि उठतीय. विळीवर भाजी चिरायला खाली, भाकरी थापायला परात घेऊन खाली, कपडे धुवायला खाली, पूजेला खाली, धान्य निवडायला खाली, जेवायला खाली. गुडघा पूर्ण मुडपून बसलं की गुडघ्याच्या वाटीवर आणि सांध्यावर दाब फार वाढतोय, आणि उठताना तोच दुखरा गुडघा सगळं वजन उचलतोय. मी एवढी वर्षं घरात राहून हे मोजलं नव्हतं, मॅडमनी एका बैठकीत मोजलं.

बदल केले ते असे. संडासावर ठेवायची कमोड खुर्ची घेतली आणि भिंतीला दोन स्टीलची हँडल ठोकून घेतली, पुढं पैसे जमल्यावर पूर्ण कमोडच बसवून घेतलं. भाकरी आता ओट्यावर, उभं राहून, एक पाय बारक्या पाटावर ठेवून आणि मध्ये पाय बदलून. सगळ्यात अवघड गेलं ते पूजेचं. देवासमोर खुर्ची टाकून बसायचं तिच्या मनाला पटेना, आमची आई असताना असलं कधी बघितलेलं नाही, डोळ्यात पाणी आलं तिच्या. ह्यावर मॅडमनी जबरदस्ती केली नाही. देव्हारा उंच करता येतोय का विचारलं. मग सुताराकडनं देव्हाऱ्याखाली टेबल करून घेतलं, आता देव उंच बसलेत आणि ही स्टुलावर, तिचं मन पण राहिलं. उपचार म्हणजे काय तर माझ्या मते हे असं.

जिन्याचं एक सूत्र आहे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, सगळी माणसं उलटी धरत्यात, रंकाळ्यावर संध्याकाळी बघा. काठीची उंची मनगटाच्या घडीपर्यंत पाहिजे, कोपर जरासं वाकलेलं. बायको रोज काठी घेत नाही पण जोतिबाला जाताना घेते, तिथल्या पायऱ्यांना दुसरा इलाज नाही. ह्या चैत्रात यात्रेच्या गर्दीत नाही, नंतर एका साध्या वारी गेलो, मध्ये मध्ये थांबत ती खाली देवळापर्यंत उतरली आणि परत वर चढली. आधीची कितीतरी वर्षं ती गाडीत बसून हात जोडायची. त्या दिवशी तिच्या तोंडाकडं बघून मला जे वाटलं ते इथं लिहिता येणार नाही.

चपलेवरनं मी आधीच बोललो होतो की कापशी चप्पल सोडणार नाही. सोडू नका म्हणाल्या, लग्नकार्यात घाला, पण रंकाळ्याला फिरायला मऊ तळव्याचे बूट. कडक चामड्याच्या सपाट तळव्यावर फरशीवरनं चाललं की दणका कमी होत नाही. ऐकलं, बूट घेतले, बरं वाटतंय.

वजनाचा विषय माझ्यासाठी मोठा होता. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोचा भार उतरतोय, असं २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात मोजलेलं आहे. म्हणजे दहा किलोला चाळीस, आणि ते सुद्धा दर पावलाला. पैलवानाला हा हिशोब लगेच डोक्यात बसतोय, अंगावरनं कुणीतरी उतरल्यागत. आमच्यात खुराक म्हणजे मान असतोय, गंगावेशीत कट्ट्यावर ताजं म्हशीचं दूध, तूप, रविवारी मटण. मॅडमनी मटण बंद कर वगैरे काय सांगितलं नाही. भात आणि तेल कमी, तांबड्या रश्श्यावरचा कट बाजूला, दूध मेहनतीच्या काळात जेवढं पीत होतो तेवढं आता नको, पण प्रथिनं सोडू नका नाहीतर स्नायू पण जाईल. आठ-नऊ किलो उतरलंय आत्तापर्यंत. शरीराच्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी दुखण्यात फरक पडतोय म्हणतात, तो मला पडला. आणि पायाचं सूप पिऊन गुडघ्यात वंगण येतंय असं आपल्याकडं सगळे सांगतात, त्याला तसा काही आधार नाही, चवीला प्यायचं असेल तर प्या.

गोळ्या-औषधांचं त्या स्वतः काही लिहून देत नाहीत, ते डॉक्टरांचं काम म्हणतात. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकचं जेल वरनं लावायला दिलंय, गुडघ्यासारख्या वरवरच्या सांध्याला ते चांगलं लागू पडतंय आणि रक्तात कमी जातंय. आमच्या तालमीतले बरेच जुने गडी मेडिकलमधनं परस्पर पेनकिलर घेऊन रोज खात्यात, त्यांना कळकळीनं सांगतो, बीपी, शुगर, किडनीचा त्रास असेल तर ते फार महागात पडतंय, डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर पण घरटी किती पैसे जात्यात. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजी ह्या वाताच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन, पीआरपी (आपल्याच रक्तातनं काढलेलं) आणि स्टेम सेलची इंजेक्शनं ह्या तिन्हीला स्पष्ट नको म्हटलंय, आणि व्यायाम, वजन, काठी ह्यांना जोरदार हो. हजारो रुपयांचं इंजेक्शन नको आणि काठी हो, हे ऐकून मला बरं वाटलं.

ऑपरेशनला त्यांचा विरोध नाही, हे पण सांगायला पाहिजे. रात्रीची झोप मोडायला लागली, चालणं घरापुरतं आलं, हे सगळं करून पण भागेना, तर सांधा बदलणं हा चांगला मार्ग आहे आणि त्याला घाबरू नका म्हणतात. २०१७ पासून सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर मर्यादा घातली आहे. आणि ज्यांची मांडी आधीपासून तयार आहे ती माणसं ऑपरेशननंतर लवकर उभी राहतात, म्हणजे हा व्यायाम वाया कुठंच जात नाही.

तक्रारी पण आहेत, त्या लिहिल्याशिवाय रिव्ह्यू खरा होत नाही. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. गुडघ्याच्या पेशंटला हे बरोबर नाही, मी मॅडमना तोंडावर सांगितलंय, त्यांनी पण मान्य केलं, खालचा गाळा बघतोय म्हणाल्या. कठड्याला नीट रेलिंग आहे एवढंच समाधान. पार्किंगचं राजारामपुरीत काय सांगायचं, मेन रोडला गाडी लावून आत चालत जायला लागतंय. संध्याकाळी सहानंतर गर्दी होते आणि मग दोघं-तिघं एका वेळी व्यायाम करतात, लक्ष विभागलं जातंय, असिस्टंट पोरगी चांगली आहे पण मॅडमची नजर वेगळी. रविवारी बंद. फी पहिल्या तपासणीला पाचशे आणि नंतर सेशनला तीनशे, आधी पॅकेजचे पैसे भरा असला आग्रह नाही, आणि व्यायाम बसला की त्या स्वतःच म्हणतात आता घरी करा, महिन्यातनं एकदा दाखवायला या.

मी पाचपैकी साडेचार देतो, अर्धा जिन्यासाठी कापला.

जाणार असाल तर सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जावा, आधी फोन करून. जुने एक्स-रे, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि घराच्या जिन्याचा, संडासाचा, स्वयंपाकघराचा व्हिडिओ बरोबर न्या. पुरुषांनी हाफ पँट, बायकांनी सैल सलवार घातली तर तपासायला सोपं जातंय, बायको पहिल्या वेळी साडीत गेली होती आणि निम्म्या चाचण्या पुढच्या वेळेवर गेल्या. आणि गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला असेल, अंगात ताप असेल, किंवा पडल्यानंतर पाय टेकवतच नसेल, तर इथं नाही, सरळ दवाखाना गाठा.